शहराची गरम रात्र आणि पोस्टडॉकचं काम

मार्च आला की व्हॉट्सअ‍ॅपवर 'इक्विनॉक्समुळे दुपारी बाहेर पडू नका' असा मेसेज फिरायला लागतो, त्यात सिंगापूरचंही नाव असतं. सूर्य दरवर्षी मार्च आणि सप्टेंबरमध्ये विषुववृत्त ओलांडतोच, तोच इक्विनॉक्स, त्याने एकदम पारा चढत नाही, त्यामुळे असलं काही प्लीज फॉरवर्ड करू नका. सिंगापूरची खरी भानगड रात्रीची आहे. ऑर्चर्ड रोडसारखा दाट भाग आणि बाहेरची झाडी यांच्यात सूर्यास्तानंतर काही तासांनी तापमानात सुमारे 7 अंश सेल्सिअसपर्यंत फरक मोजला गेलाय.

असं का होतं? एसी आणि गाड्यांची उष्णता आहेच, पण मला सगळ्यात भारी वाटते ती रस्त्याची भूमिती. 30 अंशाला असलेली जमीन दर चौरस मीटरमागे साधारण 450 ते 480 वॅट इन्फ्रारेड (न दिसणारे उष्णतेचे किरण) बाहेर टाकते, निरभ्र आकाश त्यातलं बरंच कमी परत पाठवतं, म्हणून मोकळं रान लवकर थंड होतं. पण समोर आकाशाऐवजी तेवढीच तापलेली भिंत असेल तर ती जवळपास तेवढंच परत पाठवते, हिशोब शून्य! रस्त्यातून किती आकाश दिसतं त्याला स्काय व्ह्यू फॅक्टर म्हणतात, मोकळ्या मैदानात तो 1. लांबलचक रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या इमारती रस्त्याच्या रुंदीइतक्या उंच असतील तर मधोमध तो 0.45 होतो आणि दुप्पट उंच असतील तर 0.24. शहरी हवामानाचे अभ्यासक टिम ओक यांनी 1981 मध्ये समशीतोष्ण शहरांसाठी सूत्र दिलं, इमारतींची उंची भागिले रस्त्याची रुंदी याच्या लॉगरिदमवर चालणारं, त्यात हे गुणोत्तर दुप्पट झालं की शांत, निरभ्र रात्रीचा शहर आणि रानातला कमाल फरक सुमारे 2.75 अंशांनी वाढतो. उष्ण प्रदेशात मात्र हा फरक कमी निघतो, कारण दमट हवा आणि ओली माती यामुळे बाहेरचं रानसुद्धा नीट थंड होत नाही.

इथेच पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतर काही वर्षं संशोधन करणाऱ्याची, गरज लागते. डब्ल्यूआरएफसारख्या हवामान मॉडेलचा एक चौकोन शेकडो मीटरचा असतो, त्याला एकेक इमारत दिसत नाही, म्हणून अख्ख्या वस्तीची उंची, रुंदी, भिंतींची उष्णता साठवायची क्षमता काही आकड्यांत बसवावी लागते. त्या जोडकामाला अर्बन कॅनोपी मॉडेल म्हणतात. 2017 ला सुरू झालेल्या 'कूलिंग सिंगापूर' या संशोधन प्रकल्पात असंच काम झालं. हल्ली 'एआय डिजिटल ट्विन' (शहराची संगणकातली प्रतिकृती) म्हटलं की सगळे भुलतात, पण भूमितीचे आकडे चुकीचे असतील तर चित्र नुसतं देखणं दिसतं.

फिजिक्स, सिव्हिल, भूगोल, कशातूनही पीएचडी चालते, फक्त फोर्ट्रान किंवा पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषांना घाबरू नका. युरोपसाठी मेरी क्युरी फेलोशिप आहे, त्यात पीएचडीनंतर संशोधनाची जास्तीत जास्त 8 वर्षं चालतात आणि ज्या देशात जायचंय तिथे मागच्या 36 महिन्यांत 12 पेक्षा जास्त महिने राहिलेलं चालत नाही. भारतात नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप 2 वर्षांची. दोन्हीकडे अर्जाआधी मार्गदर्शक शोधावा लागतो, तेव्हा त्यांना नुसता बायोडेटा पाठवू नका, तुमच्या शहरातला एखादा रस्ता घ्या, त्याची रुंदी आणि बाजूच्या इमारतींची उंची मोजा आणि त्यावरचा नेमका प्रश्न मेलमध्ये लिहा.