बारा बोर म्हणजे बारा काय?

परवा एका बातमीत वाचलं: बारा बोरची, म्हणजे १२ मिलिमीटर व्यासाची ठासणीची बंदूक जप्त. ही चूक इतकी सर्रास होते की तिच्यावर लिहायलाच हवं. बोर हे लांबीचं माप नाही. एक पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या बारा गोल गोळ्या ओतल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोरची नळी. पौंडाच्या चारच गोळ्या केल्या तर चार बोर. आकडा जितका लहान, तितकी नळी मोठी.

हिशेब शाळेतलाच आहे. पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम आणि शिशाची घनता ११.३४, म्हणजे एक पौंड शिसं बरोबर ४० घनसेंटिमीटर भरतं. बारा बोरच्या गोळीचा व्यास येतो १८.५ मिलिमीटर आणि वजन ३८ ग्रॅमच्या आसपास. चार बोरची गोळी २६.७ मिलिमीटरची आणि वजन ११३ ग्रॅम. वजन तिप्पट, पण व्यास दीडपटही नाही. हवेचा विरोध व्यासाच्या वर्गाने वाढतो आणि वजन घनाने, त्यामुळे मोठी गोळी आपला वेग सावकाश गमावते. बंदुकीच्या काळ्या दारूने वेग एका मर्यादेपलीकडे वाढवता येत नसे, म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या हत्ती-गव्यांच्या शिकाऱ्यांनी आकार वाढवला. (१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती शिकार आपल्याकडे संपली, आणि ते योग्यच झालं.)

त्या शिकाऱ्यांच्या रायफली, म्हणजे नळीला आतून पेचदार खोबणी असलेल्या बंदुका, तोंडाकडून भरायच्या. आधी मोजून दारू ओतायची. मग नळीच्या तोंडावर तेल किंवा चरबी लावलेली चिंधी, तिच्यावर गोळी. ओतताना राहिलेला देठ वर आणि मधोमध. गजाने गोळी थेट दारूला टेकेपर्यंत खाली न्यायची. शेवटी घोड्याखालच्या निपलवर, म्हणजे दारूपर्यंत ठिणगी नेणाऱ्या पोकळ बोंडावर, केप, म्हणजे ठोका बसताच पेटणारी छोटी टोपी. दारू आणि गोळी यांच्यात मोकळी जागा राहिली तर नळी त्या ठिकाणी फुगू शकते, फाटूही शकते. म्हणून जाणकार गजावर खूण करून ठेवतात आणि प्रत्येक वेळी ती बघतात. आजोबांच्या काळातली बंदूक भिंतीवरून काढून उडवून पाहायची हौस असेल, तर परवाना आणि जाणत्या कारागिराकडून नळीची तपासणी याआधी ते करूच नये.

खरी अडचण वेगळीच होती. आत जाताना गोळी सैल हवी, नाहीतर गजाने ढकलता येत नाही. सुटताना ती घट्ट हवी, नाहीतर नळीतल्या आट्यांची, म्हणजे पेचदार खोबणींची, पकड बसत नाही. त्यात काळी दारू जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपच राहतो. धूर आणि काजळी ती हीच. पाच-सहा बारांनंतर नळी आतून खरबरीत होते. चिंधी तिन्ही कामं करते: गोळी आणि नळी यांच्यातली फट भरते, आट्यांना धरते आणि काजळी पुसत जाते. फ्रान्समध्ये मिनिये या लष्करी अधिकाऱ्यांनी १८४९मध्ये दुसरा तोडगा काढला. लांबट गोळीचा बुडखा पोकळ ठेवायचा, म्हणजे वायूच्या दाबाने तो फुगून आट्यांत बसतो. याच तत्त्वावरची १८५३च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल हिंदुस्थानात आली. १८५७च्या धड्यात चरबीची काडतुसं आपण सगळ्यांनी वाचली, पण चरबी मुळात लागायची कशाला, हे सहसा कुणी सांगत नाही. काजळीने खरबरीत झालेल्या नळीतून गोळी खाली सरकावी म्हणून.

आता आट्यांकडे येऊ. माझा सगळा जीव तिथेच आहे.

बेंजामिन रॉबिन्स हा इंग्रज गणिती १७४०च्या दशकात गुळगुळीत नळीच्या बंदुका का भरकटतात याचा शोध घेत होता. त्याने एका बंदुकीची नळी टोकाशी डावीकडे वाकवली आणि वाटेत पातळ कागदाचे पडदे लावले. गोळी आधी डावीकडे गेली, पण पुढे पडद्यांवरची भोकं उजवीकडे वळत गेली! वाकलेल्या नळीत ती उजव्या भिंतीला घासत आली होती, त्यामुळे तिला फिरकी मिळाली होती. फिरणारा चेंडू हवेत ज्या कारणाने वळतो, तेच हे कारण. सरळ नळीतही गोळी कुठेतरी घासतेच, फक्त कुठे ते आधी कळत नाही, म्हणून दर बाराला फिरकी वेगळी आणि वळण वेगळं. हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा अभियंता म्हणून भारतात आला आणि १७५१मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला वारला.

आटे गोळीची फिरकी काढून टाकत नाहीत, तिची दिशा बदलतात. फिरकीचा अक्ष उड्डाणाच्या दिशेलाच समांतर असेल, तर वळवणारं बल शून्य होतं, कारण ते बल अक्ष आणि वेग यांच्यातल्या कोनाच्या ज्येवर (साइनवर) अवलंबून असतं. शिवाय ओतताना शिशात बुडबुडा राहिला असेल, तर तो क्षणात डावीकडे, क्षणात उजवीकडे येतो आणि दोष सगळ्या बाजूंना सारखा वाटला जातो.

मग फिरकी किती हवी? लांबट गोळीवर हवेचं बल तिच्या गुरुत्वमध्याच्या पुढे लागतं आणि तिला उलटवू पाहतं, म्हणून तिला भोवऱ्यासारखं जोरात फिरावं लागतं. गोल गोळीवर ते बल मध्यातूनच जातं. उलटायला तिला पुढची-मागची बाजूच नाही. तिला थोडी फिरकी पुरते.

हे सातपुड्यात नीट ओळखलं ते कॅप्टन जेम्स फोर्सिथने. पचमढीच्या इतिहासात ज्याचं नाव येतं तोच हा. केपेच्या मुळाशी असलेलं स्फोटक चूर्ण वापरून १८०७मध्ये पेटंट घेणारे पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ वेगळे. दोघांची गल्लत फार होते. जंगलात जनावर किती अंतरावर आहे याचा अंदाज चुकतो. सरासरी ४०० मीटर प्रतिसेकंद वेगाच्या गोळीला १०० मीटर जायला पाव सेकंद लागतो आणि तेवढ्यात ती ३० सेंटिमीटर खाली येते. वेग ३०० असेल तर ५० सेंटिमीटरहून जास्त. म्हणून दारू भरपूर हवी. पण आटे जास्त पिळाचे असले की भरपूर दारूच्या धक्क्याने गोळी त्यांत न वळता सरळ घसरून सुटते. फोर्सिथचा उपाय होता चौदा बोरची नळी आणि १०४ इंचांत एकच फेरा. ४५० मीटर वेगाला ती फिरकी सेकंदाला १७० फेऱ्यांची होते, आणि गोल गोळीला तेवढी पुरते. त्याआधी श्रीलंकेत सॅम्युअल बेकर या इंग्रज शिकाऱ्याने याच्या अगदी उलट रायफल वापरली होती: वजन २१ पौंड, ३६ इंचांत एक फेरा, १६ ड्रॅम म्हणजे २८ ग्रॅम दारू. गोळी घसरू नये म्हणून तिला कंबरपट्टा आणि नळीत त्याच्या मापाच्या दोन खोबणी. मला फोर्सिथचा उपाय जास्त देखणा वाटतो, कारण त्याने गोळीला तिच्या गरजेपेक्षा जास्त काही करायला लावलं नाही.

असल्या गोळीने हत्ती मागे फेकला जातो, असं सांगणारे व्हिडिओ मात्र निव्वळ थाप आहेत. ११३ ग्रॅमची गोळी ४०० मीटर वेगाने सुटली, तर तिचा संवेग ४५ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. चार टनांच्या हत्तीला यातून जेमतेम एक सेंटिमीटर प्रतिसेकंद वेग मिळेल. साडेनऊ किलोची रायफल मात्र त्याच संवेगाने जवळजवळ पाच मीटर प्रतिसेकंद वेगाने खांद्यावर येते, आणि दारूच्या वायूंचा धक्का त्यावर आणखी.

बार झाल्यावर नळी धुवायची ती गरम पाण्याने. तेल इथे कुचकामी, कारण काजळीतले पोटॅशियमचे क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. ते हवेतला ओलावा ओढून लोखंडाला गंजवतात, म्हणून धुणं त्याच दिवशी. धुताना सडक्या अंड्याचा वास येतो, तो गंधकाच्या संयुगांचा. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं, नळी गरम असतानाच कोरडी करायची आणि मग तेलाचा हात फिरवायचा.