कॅलिफोर्नियातला गाडीचा कर रस्त्यांवर खर्चच होत नाही?

सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या म्हणजे बे एरियातल्या मराठी घरांतही दरवर्षी गाडीच्या नोंदणीचं बिल आलं की हे वाक्य ऐकू येतं: ‘हा सगळा पैसा सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत जातो, रस्त्यांना दमडीही मिळत नाही.’ हे खरं नाही.

२०१७ च्या एसबी १ कायद्याने पेट्रोलवर गॅलनमागे १२ सेंट वाढवले आणि गाडीच्या किमतीनुसार २५ ते १७५ डॉलरचं नवं वार्षिक शुल्क लावलं. पेट्रोलच्या उत्पादन शुल्काला राज्यघटनेचं संरक्षण आधीपासून होतं. नव्या शुल्काला मात्र ते नव्हतं, आणि तो पैसा दुसरीकडे वळवला जाईल ही भीती रास्तच होती. म्हणून जून २०१८ मध्ये प्रपोझिशन ६९ (प्रपोझिशन म्हणजे थेट मतदारांच्या कौलासाठी ठेवलेला प्रस्ताव) मतदारांपुढे आलं आणि सुमारे ८१ टक्के मतांनी मंजूर झालं. आता हा पैसा वाहतुकीबाहेर वळवायचा तर पुन्हा मतदारांकडेच जावं लागेल. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ही करवाढ रद्द करू पाहणारं प्रपोझिशन ६ लोकांनी फेटाळलं.

मग अफवा टिकली कशी? कारण तिच्यात सत्याचा एक कण आहे. मालवाहू वाहनांचं वजन-शुल्क वाहतूक रोख्यांचं कर्ज फेडायला वापरलं जातं. हे कर्जही वाहतुकीच्याच कामांचं, पण त्यामुळे आजच्या दुरुस्तीला तेवढा पैसा कमी पडतो. मला ही तक्रार पूर्ण योग्य वाटते. शिवाय ‘वाहतूक’ म्हणजे फक्त डांबर नव्हे. एसबी १ च्या पैशाचा काही भाग बस आणि रेल्वेलाही मिळतो. त्यावर वाद जरूर घालावा, पण ‘पैसा गायब होतो’ असं म्हणू नये.