50-50 कुठून आले? छोट्या टर्बो डिझेलमधील पाणी-मेथनॉलची पार्श्वभूमी

गोव्यातल्या गॅरेजात पाणी-मेथनॉलचा, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेत पाणी आणि मेथनॉल (एक प्रकारचे अल्कोहोल) फवारण्याचा विषय निघाला की दोन मिनिटांत "50-50" हा आकडा येतो. अर्धे पाणी, अर्धे मेथनॉल. जणू हा प्रकार जन्मला तोच या प्रमाणासकट. हा आकडा कोणत्या गरजेतून आला हे मात्र फारसे कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथेच आहे.

आपल्याकडे या विषयाला खरा जोर आला तो 2007 ते 2020 या काळात. 2007 मध्ये डिझेल स्विफ्ट आली आणि तिच्यातले 1248 सीसीचे इंजिन पुढे इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत बसले की लोक त्याला "राष्ट्रीय इंजिन" म्हणू लागले. पंच्याहत्तर अश्वशक्ती सपाट रस्त्याला भरपूर झाली. पण पाच माणसे, सामान आणि एसी घेऊन अनमोड किंवा चोर्ला घाट चढताना टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) जागा होईपर्यंत गाडी रडायची. उपाय म्हणून ताकद वाढवणारे ट्यूनिंग बॉक्स आले, मग रीमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकातले आकडे बदलणे. दोन्हींत शेवटी डिझेल वाढते. सोबत पुरेशी थंड हवा मिळाली नाही तर काळा धूर निघतो आणि एक्झॉस्टचे तापमान चढते. त्याचा मार टर्बोवर बसतो. 1.4 लिटरच्या फिगोसारख्या गाड्यांना तर टर्बोनंतरची हवा गार करणारा इंटरकूलरच नव्हता. टर्बोने दाबून तापवलेली हवा तशीच इंजिनात जायची. पाणी फवारायची कल्पना इथे शिरली, आणि ती चुकीची नव्हती.

पेट्रोलवाल्यांचे अनुभव डिझेलला लावताना जरा सांभाळावे लागते. पेट्रोल इंजिनात फवारा मुख्यतः नॉकिंग, म्हणजे इंधनाचे अवेळी आपोआप पेटणे, रोखतो. डिझेलमध्ये तशा नॉकिंगचा प्रश्नच नाही, कारण तिथे इंधन दाबाच्या उष्णतेनेच पेटते. इथे पाण्याची कामे वेगळी: हवा गार करणे, ज्वालेचे तापमान उतरवणे, त्यातून नायट्रोजन ऑक्साइड कमी करणे. एक किलो हवेत 10 ग्रॅम पाण्याची पूर्ण वाफ झाली तर हवा साधारण 24 अंशांनी उतरते. छोट्या इंजिनाला हा फरक मोठा आहे.

"पावसाळ्यात आपली हवा आधीच ओली, मग आणखी पाणी कशाला?" हा प्रश्न गोव्यात हमखास येतो आणि तो रास्त आहे. जुलैतल्या हवेत किलोमागे 20 ग्रॅमच्या आसपास पाणी असतेच. पण ती वाफ आहे. वाफ होताना जी उष्णता शोषायची ती तिने आधीच शोषलेली असते. नोझलमधून येणारे थेंब द्रव असतात आणि टर्बोनंतरच्या गरम हवेत त्यांची वाफ व्हायला वाव असतो. त्यामुळे पावसाळ्यात परिणाम कमी होईल, शून्य होणार नाही.

जुना इतिहास थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांत दोन्ही बाजूंनी हा फवारा वापरला, तोही चढाईत किंवा झुंजीत, काही मिनिटांपुरता. 1962 मध्ये एका अमेरिकन टर्बो कारला पाणी-मेथनॉलची वेगळी टाकी होती. मालक ती भरायला विसरत, आणि ती गाडी फार काळ टिकली नाही. 1980च्या दशकात टर्बो शर्यतगाड्यांनी पाणी वापरले. 1990च्या दशकाच्या अखेरीस उत्तर युरोपातल्या बोटींच्या डिझेल इंजिनांत ओली हवा सोडून नायट्रोजन ऑक्साइड उतरवले गेले. डिझेलपुरता खरा पूर्वज तो बोटीचा, विमानाचा नव्हे. तरीही आपल्याकडे आकडा आला तो विमानाचाच.

जर्मन विमानांतल्या मिश्रणाचे नावच "एमडब्ल्यू 50" होते: निम्मे मेथनॉल, उरलेले जवळजवळ सगळे पाणी आणि गंज रोखण्यासाठी अर्धा टक्का तेल. त्यात मेथनॉल घालायचे एक ठळक कारण म्हणजे उंचावरच्या थंडीत पाणी गोठू नये. त्याच मिश्रणाचा 30 टक्के मेथनॉलचा प्रकारही होता. पुढे थंड देशांत गाडीची काच धुण्याचे निळे द्रवही मेथनॉल-पाण्याचेच निघाले, तेही गोठू नये म्हणूनच. तिथल्या हौशी लोकांनी हाताशी आहे ते टाकीत ओतले आणि प्रमाण रूढ झाले. पणजीत पारा 15च्या खाली क्वचितच जातो. गोठण्याची भीती वजा केली की आपल्याकडे मेथनॉल उरते ते निव्वळ इंधन म्हणून. मग त्याला इंधनच म्हणावे. "कूलिंग किट" या नावाखाली ते विकले जाते, हे मला पटत नाही.

इंधन म्हणूनही ते डिझेल इंजिनाला अवघड आहे. त्याचा सीटेन अंक (इंधन दाबाखाली किती सहज पेटते याचे माप) पाचाच्याही खाली, तर आपल्या डिझेलचा 51. ते स्वतःहून पेटत नाही, डिझेलच्या ज्वालेने पेटते. जास्त झाले तर ज्वलन उशिरा सुरू होते, मग दाब एकदम चढतो आणि इंजिन खडखडते. शिवाय 50-50 म्हणजे वजनाने की मापाने? मेथनॉल हलके असल्याने वजनाने निम्मे धरले तर मापाने ते 56 टक्के होते. ॲल्युमिनियमला ते खाते. दिवसाउजेडी त्याची ज्वाला दिसत नाही. आणि ते विष आहे: 10 मिलीनेही दृष्टी जाऊ शकते. "स्पिरिटच ना?" म्हणून जे लोक ते हाताळतात, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की फेणीच्या भट्टीतून येते ते मुख्यतः इथेनॉल. नावातल्या एका अक्षराच्या फरकाने डोळे जातात. याउलट बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते.

मापाचाही प्रश्न आहे. पंच्याहत्तर अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भाराला मिनिटाला जेमतेम 300 मिली डिझेल पिते. त्याच्या 10 ते 15 टक्के पाणी म्हणजे 30 ते 45 मिली. मोठ्या पिकअपसाठी बनलेल्या किटचे नोझल याच्या कितीतरी पट सोडते. टाकी नोझलपेक्षा उंच बसली आणि मध्ये सोलेनॉइड (विजेवर उघडबंद होणारी झडप) नसला तर बंद गाडीतही पाणी झिरपत राहते. सिलिंडरात साठलेले पाणी दाबले जात नाही, म्हणून सकाळी स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

पुढे हौसच आटली. 2012च्या एप्रिलमध्ये राज्याने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला, लिटरमागे सुमारे 11 रुपये उतरले आणि गोव्यात छोटी डिझेल घेण्याचे गणित शेजारच्या राज्यांपेक्षा आधीच डळमळले. 2014 मध्ये डिझेलचा भावही बाजारावर सोडला गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2019च्या निकालाने कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्याची वाट अरुंद झाली. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 हे धुराचे कडक निकष आले आणि ते राष्ट्रीय इंजिन बंद झाले.

आता काही नव्या डिझेल गाड्यांना निळ्या झाकणाची एक टाकी असते, आणि "हेच का ते 50-50?" असे विचारले जाते. ते नव्हे. त्यात 32.5 टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असते, आणि ते एक्झॉस्टमध्ये फवारले जाते, इंजिनात नाही. जुन्या स्विफ्टला कोणी पाण्याची टाकी बसवली असेल तर त्यात हे द्रव ओतू नये. पाणी उडून गेले की युरियाचे खडे नोझलच्या भोकात बसतात.