माळेला बल्ब घेण्याआधी होल्डर नीट पाहा

गणपती-दिवाळीत माळेतला बल्ब गेला की हाताला लागेल तो बल्ब बसवला जातो. पण बल्ब होल्डरमध्ये बसला म्हणजे तो त्या माळेला चालेलच असं नाही. आमच्या दुकानात परत येणाऱ्या जळक्या माळांपैकी पुष्कळ याच कारणाने गेलेल्या असतात. म्हणून हे पत्रक.

आधी होल्डर. आपल्या घरांत नेहमीचा असतो तो पिनचा, म्हणजे बी २२. बल्ब दाबून थोडा फिरवला की अडकतो. आट्यांचा मोठा होल्डर ई २७, हॉटेलबाहेर आणि लॉनवर लोंबणाऱ्या माळांत बहुधा हाच असतो. मेणबत्तीच्या आकाराच्या बल्बांना ई १४ लागतो. हे आकडे म्हणजे बल्बाच्या टोपीची रुंदी, मिलिमीटरमध्ये. बल्बावर काहीच छापलेलं नसेल तर मोजपट्टी लावून पाहा. ई १२ चा बल्ब ई १४ मध्ये ढिला राहतो. कागद खुपसून तो घट्ट करू नका, ठिणग्या उडतात.

आता व्होल्ट. माळेतला एक बल्ब गेला आणि बाकीचे चालू राहिले, तर बहुधा प्रत्येक बल्बाला थेट २३० व्होल्ट मिळतात. तिथे घरचाच बल्ब चालतो, फक्त वॅट जपा. एक गेला आणि सगळी माळ विझली, तर ती सिरीजची माळ. तिच्यात २३० व्होल्ट सगळ्या बल्बांत वाटले जातात; ५० बल्ब असतील तर एकेकाच्या वाट्याला साधारण ४.६ व्होल्ट. दुसऱ्या माळेतला, दिसायला हुबेहूब बल्ब इथे घातला तर तो मंद तरी राहतो किंवा लगेच उडतो. काही सिरीज माळांतल्या बल्बांत आत एक बारीक तार असते, त्यामुळे एखादा बल्ब गेला तरी माळ चालू राहते. पण मग उरलेल्यांवर जास्त व्होल्ट येतात आणि ते भराभर जातात. अशा माळेतला गेलेला बल्ब त्याच दिवशी बदला. एलईडीच्या बारीक माळांत दिवे तारेलाच जोडलेले असतात, तिथे बल्ब बदलायचा प्रश्नच येत नाही.

अमेरिकेहून मुलांनी पाठवलेल्या माळांबद्दल मुद्दाम सांगतो. तिथला ई २६ बल्ब आपल्या ई २७ होल्डरमध्ये अगदी छान बसतो, पण तो १२० व्होल्टचा असतो. तारेचा, म्हणजे आतली तार तापून उजळणारा जुन्या पद्धतीचा बल्ब असेल तर २३० वर त्याच्यावर जवळजवळ पावणेचारपट भार येतो. बल्ब फुटूही शकतो. पिना बदलणारा अडॅप्टर व्होल्ट कमी करत नाही. बल्बावर १००–२४० असं छापलेलं असेल तरच निर्धास्त लावा.

वॅटचा हिशेब सोपा आहे. नावाला झिरो असला तरी तारेचा झिरो बल्ब १२ ते १५ वॅट घेतो. असे २० लावले तर ३०० वॅटपर्यंत जातात; अर्ध्या वॅटचे एलईडी लावले तर सगळे मिळून १०. आकाशकंदिलात तर तारेचा बल्ब लावूच नका. कागद तापतो.

आट्यांच्या होल्डरची एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते, आणि आम्हाला सर्वांत जास्त काळजी तिचीच वाटते. माळेचा दोन पिनांचा प्लग उलटा लागला की फेज, म्हणजे करंटची बाजू, आट्यांवर येऊ शकते. बल्ब अर्धवट फिरवलेला असताना त्याच्या धातूच्या टोपीला बोट लागलं, तर थेट झटका बसतो. बटण बंद करून भागत नाही. बल्ब बदलताना प्लगच काढा. लहान मुलांच्या हाताला लागेल अशा जागी पिनच्या होल्डरची माळ बरी, कारण त्यात बल्बाच्या टोपीवर फेज येत नाही.

गणपतीत पाऊस असतोच. अंगणातल्या माळेवर किमान आयपी ४४ (पाणी-धूळ आत न जाऊ देण्याचा दर्जा) छापलेलं हवं, उघड्या गच्चीवर आयपी ६५. होल्डरचं तोंड खाली राहील अशी माळ टांगा, आतली रबरी रिंग जागेवर आहे ना पाहा, आणि एकही होल्डर रिकामा ठेवू नका. गेलेला बल्बसुद्धा नवा मिळेपर्यंत तिथेच राहू द्या.

दुकानात येताना गेलेला बल्ब आणि जमलं तर माळही घेऊन या. नुसत्या फोटोवरून ई १२ आणि ई १४ आम्हालाही ओळखता येत नाहीत. माळ आणलीत तर प्लग लावून तपासूनच देऊ. त्याचे पैसे घेत नाही.