पूर-इशाऱ्याचा भोंगा: जागा कोणती दाखवायची, कागद कोणते जोडायचे

पंचगंगा-कृष्णाकाठच्या गावांचे भोंग्याचे अर्ज परत येतात ते बहुतेक जागेवरून. बाकी काम सोपं आहे: ग्रामसभेचा ठराव, मागणीपत्र, नकाशा आणि जागेचा कागद ग्रामपंचायतीने तहसीलदारांमार्फत जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे पाठवायचा. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात.

जागेचा कागद म्हटलं की कार्यालयात सातबाराच मागतात. गावठाणातल्या जागेला सातबारा नसतो, हे मागणाऱ्याला माहीत असायला हवं. पण त्यासाठी सरपंचांना तीन-तीन हेलपाटे घालताना मी पाहिलंय. अशा जागेला नमुना ८ चा (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणी नोंदीचा) उतारा किंवा प्रॉपर्टी कार्ड जोडा आणि 'जागा गावठाणात असल्याने सातबारा नाही' हे अर्जातच लिहा. शाळेच्या छतावर बसवायचा असेल तर मुख्याध्यापकांची सही पुरत नाही. इमारत जिल्हा परिषदेची, ना-हरकतही तिथलीच लागते. देवळाची जागा असेल तर देवस्थानचा लेखी ठराव घ्या, पंचांच्या तोंडी होकारावर राहू नका.

आता प्रत्यक्ष जागा. एका गावाने ग्रामपंचायतीची गच्ची दाखवली होती. खाली भिंतीवर २०१९ च्या पुराची मातकट ओळ अजून आहे, खिडकीच्या वरच्या चौकटीला टेकलेली. गच्ची पाण्याच्या वर राहील, पण मीटर आणि बटण खालच्या खोलीत! पाणी चढलं की वीज बंद करावीच लागते. म्हणून भोंग्याला बॅटरी हवी, आणि बॅटरी-बटण दोन्ही लाल पूररेषेच्या वर. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळीच्या बाहेर आलो म्हणजे सुटलो, असं कृपा करून समजू नका.

अंतर दुप्पट झालं की उघड्यावर आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो. दुपारी चाचणीत सगळ्यांना ऐकू येतं. पण पाणी येतं तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतात, दारं बंद, पत्र्यावर पाऊस. पावसाळी वारा पश्चिमेचा, म्हणजे भोंग्याच्या पश्चिमेच्या घरांना आवाज कमी पोचणार. मळ्यातल्या वस्त्या अंतरासह नकाशावर दाखवा, गरज पडली तर दोन भोंगे मागा.

रात्री १० नंतर बंदी आहे म्हणून कुणी अडवलं, तर २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम ५ दाखवा. सार्वजनिक आणीबाणीला त्यातच सूट आहे.

१ मेच्या ग्रामसभेत ठराव केला म्हणजे जूनमध्ये भोंगा बसेल, हे गणित चुकतं. आदल्या २ ऑक्टोबरलाच ठराव घ्या. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी संख्या लागते. हजेरीच्या सह्यांचं पान जोडा.

कोणत्या पातळीला वाजवायचा तेही ठरावात हवं. पंचगंगेला कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. भोंग्याची किल्ली कुणाकडे राहील तेही लिहा: दोन नावं, दोघंही भरपावसात चालत भोंग्यापर्यंत पोचू शकतील अशी.