सल्ला कोणत्या सालचा? परदेशी नेण्याच्या पैशाची पार्श्वभूमी

परदेशी निघालेल्या माणसाला गावात दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, "डॉलर रोखच ने, कार्डाच्या भानगडीत पडू नको." दुसरा म्हणतो, "खिशात एटीएम कार्ड आहे ना, मग काळजी कशाची?" दोघंही मनापासून सांगतात आणि दोघांचाही सल्ला कधीतरी बरोबर होता. फक्त त्याचं साल उलटून गेलेलं असतं. हज-उमराहला जाणारे, लुंबिनीला निघालेले उपासक, अभ्यास दौऱ्यावर जाणारे संत्रा बागायतदार, मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाणारे आईवडील, या सगळ्यांना आज लागू असलेले नियम वेगवेगळ्या काळात तयार झाले आहेत. तो काळ ठाऊक असला की कुठला सल्ला घ्यायचा आणि कुठला सोडायचा, हे लवकर उमगतं.

परकीय चलनावर सरकारी नियंत्रण आलं ते सप्टेंबर 1939 मध्ये, दुसरं महायुद्ध सुरू होताच. युद्ध संपलं, पण नियंत्रण राहिलं. 1947 मध्ये त्याचा कायदा झाला आणि 1973 मध्ये तो आणखी कडक झाला. कारण साधं होतं. देशाकडे डॉलर-पाउंड कमी होते आणि धान्य, तेल, यंत्रसामग्री बाहेरून आणायची होती. त्यामुळे फिरायला जाणाऱ्याचा नंबर सगळ्यांत शेवटी लागे. रिझर्व्ह बँकेने मंजूर केलेला 'पी फॉर्म' असल्याशिवाय तिकीटही मिळत नसे. 1970 च्या दशकात तर कित्येक प्रवासी विमानात चढले ते हातात फक्त 8 डॉलर घेऊन. "जेवढे मिळतील तेवढे डॉलर रोख घेऊन ठेव" हा जुन्या माणसांचा आग्रह त्या टंचाईतून आला आहे.

ज्यांना मंजुरी मिळे, ते मोठी रक्कम ट्रॅव्हलर्स चेकमध्ये नेत. अमेरिकन एक्सप्रेसने ही पद्धत 1891 मध्ये आणली. चेक विकत घेताना बँकेच्या काउंटरवर प्रत्येक पानावर एक सही करायची आणि परदेशात वटवताना समोरच्या माणसादेखत दुसरी. दोन्ही सह्या जुळल्या तरच पैसे मिळत. चेक चोरीला गेले तर क्रमांक सांगून भरपाई मागता येई, म्हणून क्रमांकांची यादी वेगळ्या बॅगेत ठेवायची शिस्त होती. चेक गेले, पण ती शिस्त आजही तितकीच कामाची आहे. कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि बँकेचा परदेशातून लागणारा फोन क्रमांक कागदावर लिहून कार्डापासून वेगळा ठेवा. मोबाइल आणि पाकीट एकाच पिशवीतून गेलं, तर तोच कागद उपयोगी पडतो.

आखाताची गोष्ट निराळी आहे. कुवेत, बहरीन, कतार, ओमान आणि आजच्या अमिरातींच्या भागात एकेकाळी आपला रुपयाच चालायचा. त्या वाटेने सोन्याची तस्करी वाढली आणि परकीय गंगाजळीला गळती लागली, तेव्हा 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. त्याच वेळी हज यात्रेकरूंसाठी 10 आणि 100 रुपयांच्या खास नोटा निघाल्या. त्यांच्या क्रमांकाआधी 'एचए' ही अक्षरं असत. 1961 मध्ये कुवेतने स्वतःचं चलन आणलं, 1966 च्या अवमूल्यनानंतर उरलेल्या बहुतेकांनीही रुपया सोडला आणि या नोटा इतिहासजमा झाल्या. हजला जाणाऱ्यांना वेगळी वागणूक देण्याची रीत मात्र टिकली. बहुतेक देशांना जाणाऱ्या इतर प्रवाशांना एका प्रवासासाठी 3,000 डॉलरपर्यंतच परकीय नोटा मिळतात. हज-उमराहच्या यात्रेकरूंना ही मर्यादा नाही, हज कमिटीने ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंत ते रोख नेऊ शकतात.

म्हणून "हाजीसाहेबांनी सगळे रियाल रोख नेले होते" हे उदाहरण युरोपला जाणाऱ्या पुतण्याला लागू होत नाही. त्याने 3,000 डॉलरच्या वर रक्कम घेतली, तर वरची रक्कम कार्डावरच घ्यावी लागेल.

1991 मध्ये गंगाजळी इतकी आटली की देशाचं सोनं गहाण ठेवावं लागलं. त्यानंतर दारं एकेक करून उघडली. 1 जून 2000 पासून जुन्या कायद्याच्या जागी 'फेमा' हा परकीय चलनाचा नवा कायदा आला. फेब्रुवारी 2004 मध्ये माणशी वर्षाला 25,000 डॉलर बाहेर पाठवण्याची मुभा मिळाली. ती वाढत 2 लाखांवर गेली, 2013 मध्ये रुपया घसरताच 75,000 वर आली आणि 2015 पासून अडीच लाख डॉलर आहे. आठ डॉलरपासून अडीच लाखांपर्यंतचा हा प्रवास एका माणसाच्या आयुष्यात मावतो, त्यामुळे घराघरात सल्ले एकमेकांवर आदळतात यात नवल नाही.

आज चलन घ्यायला पासपोर्ट, पॅन कार्ड, व्हिसा आणि तिकीट लागतं. चलन प्रवासाच्या 60 दिवस आधीपर्यंत घेता येतं. रक्कम 50,000 रुपयांपेक्षा जास्त असेल तर चेकने किंवा खात्यातूनच द्यावी लागते. संत्र्याच्या किंवा कापसाच्या विक्रीची रोकड काउंटरवर ठेवून भागत नाही. इथेच खेड्यातल्या माणसाची खेप वाया जाते. खातं पतसंस्थेत किंवा जिल्हा बँकेत असतं, चलन देणारी परवानाधारक कंपनी किंवा बँक नागपूर-अमरावतीला आणि विमान दोन दिवसांवर. पैसे किमान आठवडाभर आधी राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खाजगी बँकेच्या खात्यात वळते करून ठेवा. भाव विचारताना "डॉलर काय भाव?" एवढंच विचारू नका. "कमिशन, जीएसटी आणि कार्डाची फी धरून 1,000 डॉलरचे एकूण किती रुपये?" असं विचारा. रोख नोटांचा भाव कार्डाच्या भावापेक्षा बहुधा चढा असतो, कारण नोटा आणणं, सांभाळणं आणि त्यांचा विमा हा खर्च त्यात मिसळलेला असतो.

आता कार्डाकडे येऊ. प्रीपेड ट्रॅव्हल कार्डात पैसे आधी भरायचे आणि भाव त्याच दिवशी पक्का होतो. मेख अशी की ज्या देशात जायचं तिथलंच चलन भरलेलं हवं. डॉलर भरलेलं कार्ड सौदीत चालतं आणि रियाल 1986 पासून डॉलरला 3.75 या दराने बांधलेला असल्याने भावात फारसा फटका बसत नाही. पण चलन बदलण्याची फी मात्र प्रत्येक वेळी कापली जाते आणि ती बऱ्याच बँकांत तीन-साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते. हॉटेलात अनामत म्हणून कार्डावरची रक्कम अडवून ठेवतात. खोली सोडल्यावरही ती मोकळी व्हायला काही दिवस लागतात. शिल्लक दिसते, पण कार्ड नाकारलं जातं, ते बऱ्याचदा यामुळेच.

सगळ्यांत मोठी गफलत मशीनच्या पडद्यावर होते. भारतीय डेबिट किंवा क्रेडिट कार्ड लावलं की मशीन विचारतं, रक्कम रुपयांत कापू की इथल्या चलनात? रुपये पाहून हायसं वाटतं आणि बोट तिकडेच जातं. तो भाव दुकानदाराच्या किंवा एटीएमवाल्याच्या बाजूने लावलेला असतो आणि बहुतेक वेळा महाग पडतो. दरवेळी तिथलंच चलन निवडा. दुकानदाराने न विचारता रुपये दाबले असतील, तर पावती रद्द करून पुन्हा करायला सांगा.

"एटीएम कार्ड आहे ना" हा सल्ला 2020 मध्ये जुना झाला. तेव्हापासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवी कार्डं फक्त देशातल्या वापरासाठीच चालू असतात. परदेशातला वापर ग्राहकाने ॲपमधून किंवा शाखेत जाऊन स्वतः सुरू करायचा असतो. एटीएम, दुकानातलं मशीन आणि ऑनलाइन या तिन्हींची कळ वेगळी असते, हे तपासा. जनधन खात्याचं साधं रुपे कार्ड बाहेर चालेल असं धरून चालू नका. ओटीपी येणाऱ्या सिमवर रोमिंग नसेल, तर तिकडून कार्डात पैसे भरता येणार नाहीत. ते काम इथूनच उरकून घ्या.

अभ्यास दौऱ्यात राहणं-जेवण आधीच भरलेलं असेल, तर दहा दिवसांना 200 ते 300 युरो रोख पुरे, तेही 5, 10, 20 च्या नोटांत. 500 युरोची नोट 2019 पासून नव्याने दिली जात नाही आणि मोठी नोट दुकानदार बहुधा घेत नाहीत. अॅमस्टरडॅमच्या बसमध्ये रोख चालतच नाही, तर जर्मनीत स्वच्छतागृहासाठीही नाणी लागतात. दोन्ही जवळ हवं.

नेपाळ-भूतानला परकीय चलन मिळत नाही आणि ट्रॅव्हल कार्डही चालत नाही. नेपाळी रुपयाचा दर 1993 पासून बांधलेला आहे, आपल्या एका रुपयाला 1.6 नेपाळी रुपये. 2016 च्या नोटबंदीत तिकडे अडकलेल्या 500-1000 च्या नोटांमुळे नेपाळने मोठ्या भारतीय नोटांचा धसका घेतला. लुंबिनीला जाताना 100 च्या आणि त्याखालच्या नोटांची गड्डी सगळ्यांत निर्धोक.

ऑक्टोबर 2020 पासून परदेशी पैसे नेताना टीसीएस, म्हणजे बँक किंवा टूर कंपनी पैसे घेतानाच वसूल करते तो आगाऊ आयकर, कापला जाऊ लागला. टूर पॅकेजवर तो पहिल्या रुपयापासून असतो. स्वतः घेतलेल्या चलनावर एप्रिल 2025 पासून वर्षाला 10 लाखांच्या पुढे लागतो. हा पैसा बुडत नाही, आयकर विवरणपत्रात वळता किंवा परत होतो. पण शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून जो शेतकरी विवरणपत्र भरतच नाही, त्याचे पैसे सरकारकडेच पडून राहतात. पॅकेजची पावती जपून ठेवा आणि त्या वर्षी विवरणपत्र भराच.

परत आल्यावर 2,000 डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात. बाकीचं चलन 180 दिवसांत परत करायचं. नाणी कोणी बदलून घेत नाही, ती विमानतळावरच्या चहात संपवून या.