मृत्युपत्र की ट्रस्ट: मुंबईत हा प्रश्न आला कुठून

मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे फ्लॅट असेल तर हिंदू माणसाच्या मृत्युपत्राला हायकोर्टाचे प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे कोर्टाचे प्रमाणपत्र, हवे, पलीकडे ठाण्यात असेल तर नको, हा भेद परवापरवापर्यंत होता. त्याचे मूळ 1870 च्या हिंदू विल्स ॲक्टमध्ये आहे. त्या कायद्याने 1 सप्टेंबर 1870 पासून बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरचा मुलूख आणि मद्रास व मुंबई शहरांतल्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना इंग्रजी धाटणीचे नियम लावले. पुढे 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातही ही विभागणी कायम राहिली. मिळकत ठाण्यातली, पण मृत्युपत्र मुंबईत बसून केलेले, तरीही प्रोबेट लागायचेच. हे अनेकांच्या फार उशिरा ध्यानात येई.

प्रोबेटचे कोर्ट शुल्क महाराष्ट्रात 75,000 रुपयांच्या वर जात नाही. खरा जाच वेळेचा. एका वारसाने कॅव्हिएट लावून हरकत घेतली की साध्या अर्जाचा दावा होतो आणि वर्षे जातात. म्हणून मुंबईतली सधन घरे हयातीतच ट्रस्ट करू लागली. मिळकत आधीच विश्वस्तांच्या नावावर गेली, तर प्रोबेटसाठी मागे काही उरत नाही. 1953 ते 1985 या काळात मृत्युकर होता, तेव्हा ट्रस्टकडे कर वाचवण्याचा मार्ग म्हणूनही पाहिले जाई.

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने 1925 च्या कायद्यातले प्रोबेटची सक्ती करणारे कलम 213 वगळले आणि ती सक्ती संपली. म्हणजे केवळ प्रोबेट चुकवायला ट्रस्ट करण्याचे कारण आता उरलेले नाही. हे ट्रस्टचा मसुदा करून देणाऱ्यांनीही पक्षकाराला स्पष्ट सांगायला हवे.

ट्रस्टने काय साधत नाही, याचा धडा कलकत्त्याच्या टागोर खटल्यात आहे. प्रसन्नकुमार टागोरांनी ख्रिस्ती झालेल्या मुलाला, ज्ञानेंद्रमोहनला, वगळून मृत्युपत्राने ट्रस्ट केला. मिळकत पुतण्या जतींद्रमोहनकडे आणि नंतर न जन्मलेल्या पुरुष वंशजांकडे जावी, अशी योजना होती. 1872 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, ठरवले की जे थेट देता येत नाही ते ट्रस्टच्या आडूनही देता येणार नाही. पुतण्याच्या हयातीपुरता हक्क टिकला, त्यापुढचा भाग वगळलेल्या मुलाकडेच गेला. भारतीय ट्रस्ट कायदा आला तो 1882 मध्ये. न जन्मलेल्यांना देण्याची मुभा हिंदूंना 1916 च्या कायद्याने मिळाली.

मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी ऐच्छिक, दोन साक्षीदार पुरेत. पण ज्याला काही मिळायचे आहे त्याला साक्षीदार करू नये. फ्लॅट हयातीत ट्रस्टमध्ये टाकायचा तर मात्र दस्तावर मुद्रांक शुल्क भरून तो नोंदवावा लागतो. इथेच सर्वाधिक चूक होते. दस्त होतो, पण सोसायटीकडे अर्ज जात नाही आणि भागपत्राच्या (शेअर सर्टिफिकेटच्या) मागच्या हस्तांतर-नोंदीत जुनेच नाव राहते. कित्येकदा तर फ्लॅटचा दस्तात उल्लेखही नसतो. दस्तातच नसलेला फ्लॅट ट्रस्टबाहेरच राहतो आणि वारसाहक्काने वाटला जातो. म्हणून ट्रस्ट केला तरी उरल्यासुरल्या मिळकतीसाठी सोबत मृत्युपत्र हवेच.

ज्या घरात दिव्यांग मूल आहे किंवा नातवंडे अल्पवयीन आहेत, तिथे ट्रस्टच योग्य. आईवडिलांमागे दरमहा औषधाचा, सांभाळणाऱ्या बाईच्या पगाराचा खर्च कुणीतरी काढून द्यायचा असतो, आणि एकदाच वाटणी करून मोकळ्या होणाऱ्या एक्झिक्युटरकडून, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणाऱ्याकडून, ते होत नाही. हा ट्रस्ट मृत्युपत्रातूनच निर्माण करता येतो. विश्वस्त मात्र दोन नेमावेत, आणि एक गेल्यास पुढचा कोण, तेही नाव घालून लिहावे.